मूर्ती, पुतळा की प्रतिमा? मेणाच्या माणसांमागची मादाम तुसाँ नेमकी कोण होती?

राजेराण्यांचे चेहरे मेणात घडवणाऱ्या हातांनीच त्यांची कापलेली मुंडकीही घडवली. पोरक्या मुलीपासून लंडनच्या सर्वांत गाजलेल्या प्रदर्शनाच्या मालकिणीपर्यंतचा हा प्रवास, आणि ‘मेणाचा पुतळा’ या शब्दाचा अर्थ.

पंचवटी (नाशिक) : काळाराम मंदिराच्या गाभाऱ्यात असते ती मूर्ती. चौकात चौथऱ्यावर उभा असतो तो पुतळा. मोर्चात चपलांचा हार घालून जाळतात तोही पुतळाच. इथून साधारण तीस किलोमीटरवर त्र्यंबकेश्वरला नारायणबळीच्या विधीत पिठाची मानवाकृती करून तिच्यावर अंत्यसंस्कार करतात. तीही पुतळाच. पाच वडांवरून पंचवटी आणि शूर्पणखेच्या कापलेल्या नाकावरून नाशिक, अशी नावांची गोष्ट सांगणाऱ्या या गावात आकृत्यांसाठीचे शब्दही नेमके वापरले जातात. मूर्तीची प्राणप्रतिष्ठा होते. पुतळ्याची होत नाही. पुतळा फक्त कुणाच्या तरी जागी उभा असतो.

मग सचिन तेंडुलकर किंवा माधुरी दीक्षित यांच्यासारखी हुबेहूब दिसणारी, जिच्या खांद्यावर हात ठेवून लोक सेल्फी काढतात ती मेणाची आकृती कशात मोडते? मराठीत आपण तिला सरळ ‘मेणाचा पुतळा’ म्हणतो. हा शब्द वाटतो त्याहून अचूक आहे. पुतळ्याचे अनावरणही होते आणि दहनही. ज्या बाईच्या नावाने हे पुतळे जगभर ओळखले जातात, तिचे आयुष्य याच दोन टोकांच्या मध्ये गेले.

‘मेण’ हा शब्द आला कुठून?

मराठीतला ‘मेण’ संस्कृतातल्या ‘मदन’ या शब्दापासून आला, असे व्युत्पत्तिकार मानतात. इथे कामदेवाचा संबंध नाही. संस्कृतात ‘मदन’ या शब्दाचा एक अर्थ मधमाश्यांचे मेण असाही आहे. प्राकृतात त्याचे ‘मयण’ झाले, मराठीत ‘मेण’ आणि गुजरातीत ‘मीण’. हिंदीतला ‘मोम’ मात्र फारसीतून आला. पालखीसारख्या वाहनाला म्हणतात तो ‘मेणा’ही मूळचा फारसी. त्याचा मेणाशी काही संबंध नाही.

संस्कृतात मेणासाठी आणखी एक शब्द आहे : मधूच्छिष्ट. मध अधिक उच्छिष्ट, म्हणजे मधाचे उष्टे. पोळे पिळून मध काढून घेतला की मागे राहते ते. प्रत्यक्षात मेण ही उरलेली वस्तू नाही. कामकरी माश्या पोटाखालच्या ग्रंथींतून ते स्रवतात आणि त्यापासून मध साठवण्याची घरे बांधतात. पण मध खाणाऱ्या माणसाच्या बाजूने पाहिले तर ते उष्टेच.

मराठी बोलीत मेणाला दोन चेहरे आहेत. मी काय शेणामेणाचा आहे का, असे कुणी विचारतो तेव्हा मेण म्हणजे लेचेपेचे. पण चिऊकाऊच्या गोष्टीत पाऊस येतो, काऊचे शेणाचे घर वाहून जाते आणि चिऊचे मेणाचे घर टिकते. दाबले तर हवा तो आकार घेणारे, आणि तरी पाण्याला दाद न देणारे. मेणाचे हे दोन्ही गुण खरे आहेत.

‘प्रतिमा’ या शब्दाचे मूळही इथे कामाचे आहे. त्यात ‘मा’ हा मोजणे या अर्थाचा धातू आहे. मूळ वस्तूशी मापून केलेली ती प्रतिमा. मेणाच्या पुतळ्याचे सारे तंत्र या एका शब्दात बसते.

भारतात मेणाची आकृती नवी होती का?

नव्हती. पण तिचे काम वेगळे होते. कल्याणीच्या, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणच्या, चालुक्य घराण्यातला राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात धातूची मूर्ती ओतण्याची कृती दिली आहे. आधी मूर्ती मेणात घडवायची. तिच्यावर मातीचे थर द्यायचे. ते वाळले की तापवून आतले मेण वितळवून बाहेर काढायचे आणि त्या पोकळीत तापलेला धातू ओतायचा. या पद्धतीला मधूच्छिष्टविधान म्हणतात.

धातू किती लागेल हे ठरवण्यासाठी मेण आधी तोलून घ्यायचे, हेही त्या ग्रंथात आहे. त्यामागचे गणित सोपे आहे. पितळ त्याच आकारमानाच्या मेणापेक्षा जवळपास नऊ पट जड असते. मेणाचे वजन कळले की पितळेचे कळते.

या पद्धतीत मेण मूर्तीला आकार देते आणि स्वतः नाहीसे होते. युरोपात मात्र मेणच ठेवण्याची रीत होती. प्राचीन रोममध्ये सरदार घराण्यांत पूर्वजांचे मेणाचे मुखवटे कपाटात जपून ठेवत. घरात कुणी गेले की अंत्ययात्रेत नट ते मुखवटे चढवून चालत, जणू सारे पूर्वज निरोप द्यायला आले आहेत. त्या मुखवट्याला लॅटिनमध्ये ‘इमागो’ म्हणत. इंग्रजीतला ‘इमेज’ हा शब्द त्यातूनच आला. पुढे इंग्लंडमध्ये राजांच्या अंत्यविधीशी जोडलेल्या आकृत्या करण्याची प्रथा पडली. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यांतल्या काही मेणाच्या आकृत्या आजही आहेत. गेलेल्या माणसाच्या जागी काहीतरी उभे करायचे, ही गरज त्र्यंबकेश्वरला जशी आहे तशीच तिथेही होती.

मारी ग्रोशोल्ट्झ कोण होती?

मादाम तुसाँचे माहेरचे नाव मारी ग्रोशोल्ट्झ. मराठी वर्तमानपत्रांत ‘तुसाँ’ आणि ‘तुसाद’ अशी दोन्ही रूपे दिसतात. मूळ फ्रेंच उच्चार ‘त्युसो’च्या जवळचा आहे. शेवटचा ‘द’ लिहिला जातो, पण बोलला जात नाही.

तिचा जन्म डिसेंबर १७६१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गचा. वडील सैनिक होते आणि तिच्या जन्माआधी दोन महिने युद्धात गेले, असे ती सांगे. आई पोटासाठी स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात डॉक्टर फिलिप कर्टियस यांच्या घरी घरकामाला लागली. तान्ही मारीही तिथेच वाढली.

हे डॉक्टर मेणात शरीराचे अवयव घडवत. त्या काळी प्रेत टिकवण्याची सोय नव्हती. त्यामुळे वैद्यकीच्या शिक्षणासाठी मेणाचे हृदय, मेणाचे यकृत अशा प्रतिकृती लागत. हळूहळू डॉक्टर माणसांचे चेहरेही घडवू लागले. प्रिन्स द कॉन्ती या फ्रेंच सरदाराला ते काम आवडले आणि त्याच्या आश्रयाने कर्टियस पॅरिसला गेले. काही वर्षांनी मारी आणि तिची आईही तिथे पोहोचल्या.

१७७० मध्ये कर्टियस यांनी पॅरिसमध्ये मेणाच्या आकृत्यांचे प्रदर्शन मांडले. पुढे ते पाले रोयाल या गजबजलेल्या ठिकाणी आणि १७८२ मध्ये बुलेव्हार द्यु ताँप्ल या रस्त्यावर गेले. हा रस्ता म्हणजे कायमची जत्रा. नाटके, डोंबारी, जादूगार सगळे तिथे. कर्टियस यांनी ओळखले की लोकांना दोन तऱ्हेची माणसे जवळून पाहायची असतात : मोठी आणि वाईट. एका दालनात राजघराणे जेवायला बसलेले, तर दुसऱ्यात गाजलेले दरोडेखोर आणि खुनी.

हे कौशल्य मारीने लहानपणीच उचलले. शाळेत शिकायच्या वयात ती चेहऱ्यांचे साचे काढत होती. व्होल्तेअर, रूसो आणि अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन यांचे चेहरे तिच्या सुरुवातीच्या कामांत गणले जातात. छायाचित्र अजून जन्माला यायचे होते. राजाचा चेहरा सामान्य माणसाला नाण्यावर किंवा छापील चित्रात दिसे तेवढाच. हातभर अंतरावरून चेहरा पाहता येणे ही त्या काळची बातमीच होती.

मेणाचा पुतळा बनतो कसा?

मूळ पद्धत अडीचशे वर्षांत फारशी बदललेली नाही. पहिली पायरी मापांची. माणूस जिवंत असेल आणि तयार असेल तर त्याला बसवून माप घेतात. पूर्वी चेहऱ्यावर तेल लावून, श्वासासाठी वाट ठेवून थेट प्लास्टरचा साचा काढत. आता अडीचशेच्या आसपास मापे आणि शेकडो छायाचित्रे घेतली जातात.

त्यावरून मातीचे डोके घडवतात. ते खऱ्यापेक्षा साधारण दोन टक्के मोठे ठेवावे लागते, कारण गरम मेण थंड होताना आकसते. मातीच्या डोक्यावरून प्लास्टरचा साचा तुकड्या-तुकड्यांत काढतात. साचा बांधून त्यात वितळलेले मेण ओततात. कडेचे मेण आधी थिजते. पुरेशी जाडी आली की आतले पातळ मेण परत ओतून टाकतात. मागे राहते ते पोकळ डोके. त्यात काचेचे डोळे बसवतात. मग केस. खरे केस गरम सुईने एकेक करून खोचायचे, भुवया आणि पापण्यांसकट. शेवटी रंगाचे पातळ थर. शरीर मात्र मेणाचे नसते. ते कपड्यांत झाकलेले असते, म्हणून इतर साहित्य चालते.

मग दगड किंवा लाकूड सोडून मेणच का? उत्तर प्रकाशात आहे. दगडावर पडलेला प्रकाश बहुतांशी पृष्ठभागावरूनच परततो. मेणात तो थोडा आत शिरतो, विखुरतो आणि मऊ होऊन बाहेर येतो. माणसाच्या त्वचेतही असेच होते. म्हणूनच मेणाचा चेहरा पाहताना क्षणभर दचकायला होते.

पण सुमारे ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला मधमाश्यांचे मेण वितळते आणि त्याच्या बरेच आधी मऊ पडते. त्यावर धूळ बसते, रंग उतरतो. दगडी पुतळा कुणी पाहिले नाही तरी उभा राहतो. मेणाच्या पुतळ्याची निगा रोज राखावी लागते.

क्रांतीच्या आधी पुतळ्यांची मिरवणूक का निघाली?

जुलै १७८९. फ्रान्सची तिजोरी रिकामी, पाव महागलेला. लोकांचा विश्वास असलेला अर्थमंत्री नेकर याला राजा सोळाव्या लुईने ११ जुलैला काढून टाकले. दुसऱ्या दिवशी ही बातमी पॅरिसभर पसरली आणि संतापलेला जमाव कर्टियस यांच्या दारात आला. त्याला नेकरचा आणि लोकांच्या बाजूचा समजल्या जाणाऱ्या ऑर्लेआँच्या ड्यूकचा मेणाचा अर्धपुतळा हवा होता.

कर्टियस यांनी दोन्ही दिले. त्यांवर काळे कापड टाकून लोकांनी शहरातून मिरवणूक काढली. ज्या दोघांची मिरवणूक निघाली ते दोघेही तिथे नव्हते. होते ते फक्त त्यांचे मेणाचे चेहरे. तरीही सैन्य त्या मिरवणुकीवर चालून गेले आणि रक्त सांडले. दोनच दिवसांनी, १४ जुलैला, बास्तिलचा किल्ला पडला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या पहिल्या धुमश्चक्रीत अशी मेणाच्या पुतळ्यांची मिरवणूक होती.

आपल्याकडे पुतळ्याला हार घालताना किंवा त्याची विटंबना झाली म्हणून गाव बंद ठेवताना जी भावना असते, ती इथे ओळखीची वाटेल. पुतळा म्हणजे तो माणूस नाही हे सगळ्यांना माहीत असते. तरीही त्याला लागलेला धक्का त्या माणसाला लागल्यासारखा वाटतो.

कापलेल्या मुंडक्यांचे साचे तिने खरेच काढले?

मादाम तुसाँच्या आयुष्यातला हा सर्वांत गाजलेला आणि सर्वांत काळजीने वाचायचा भाग. २१ जानेवारी १७९३ ला राजाचा आणि १६ ऑक्टोबरला राणी मारी आंत्वानेतचा गिलोटिनखाली शिरच्छेद झाला. त्याआधी १३ जुलैला क्रांतिकारक नेता मारा याचा त्याच्याच घरात, अंघोळीच्या टबात खून झाला. पुढच्या वर्षी, २८ जुलै १७९४ ला, हजारोंना गिलोटिनवर पाठवणाऱ्या राजवटीचा म्होरक्या रोबेस्पिएर स्वतःच तिथे गेला.

मारीच्या म्हणण्यानुसार यांतली अनेक मुंडकी तिच्यापुढे आणली गेली आणि साचे काढण्यावाचून तिला गत्यंतर नव्हते. ज्यांना ती जवळून ओळखत होती त्यांचेही चेहरे तिला मांडीवर घ्यावे लागले. राजाची बहीण एलिझाबेथ हिला मेणकाम शिकवण्यासाठी आपण व्हर्सायच्या राजवाड्यात अनेक वर्षे राहिलो, असेही ती सांगे. क्रांतिकाळात आपल्याला तुरुंगात टाकले, गिलोटिनसाठी केस कापले आणि शेवटच्या घडीला सुटका झाली, हाही तिचाच दावा.

हे सगळे येते ते तिच्या १८३८ मध्ये इंग्लंडमध्ये छापलेल्या आठवणींतून. तेव्हा ती सत्तरी ओलांडलेली होती. लेखन दुसऱ्याने केले होते आणि पुस्तकाचा उपयोग प्रदर्शनाच्या प्रसिद्धीसाठी होणार होता. राजवाड्यातल्या वास्तव्याला आणि तुरुंगवासाला समकालीन कागदपत्रांचा भक्कम आधार मिळत नाही. म्हणून चरित्रकार या गोष्टी तिचा दावा म्हणूनच नोंदवतात.

पण एवढे निश्चित आहे की त्या काळात कर्टियस यांचे प्रदर्शन चालू होते आणि ते चालू ठेवणे हाच जगण्याचा मार्ग होता. राज्य बदलले की दालन बदलावे लागे. काल राजाचा पुतळा ठेवणे हा मान होता, आज तो गुन्हा ठरला. काल ज्याला क्रांतीचा नायक म्हणून पुढे मांडले, त्याला आज गुन्हेगारांच्या दालनात हलवावे लागे. एका चुकीच्या चेहऱ्याने मालकाचे डोके जाऊ शकत होते. सन्मानाचा पुतळा आणि संतापाचा पुतळा यांच्यातले अंतर तेव्हा एका रात्रीचे होते. मेण हेच या कामाला योग्य होते, कारण ते वितळवून पुन्हा ओतता येत होते.

मारीने स्वतःची गोष्टही कदाचित तशीच घडवली. तिच्या आठवणींतले काही खरे, काही ओतीव. प्रेक्षकाला मात्र समोरचा चेहरा प्रत्यक्ष डोक्यावरून घेतलेला आहे असे वाटले पाहिजे, हे ती पक्के जाणून होती.

पॅरिस सोडून ती इंग्लंडला का गेली?

सप्टेंबर १७९४ मध्ये कर्टियस वारले. सारी मिळकत त्यांनी मारीच्या नावे केली. मिळकत म्हणजे पुतळे, घर आणि कर्ज. दुसऱ्या वर्षी, तिशी ओलांडल्यावर, तिने फ्रान्स्वा तुसाँ या स्थापत्य अभियंत्याशी लग्न केले. पहिली मुलगी लहानपणीच गेली. नंतर जोसेफ आणि फ्रान्स्वा हे दोन मुलगे झाले. नवरा वयाने लहान आणि पैशांच्या बाबतीत भरवशाचा नव्हता. घर चालत होते ते बायकोच्या हातावर.

१८०२ मध्ये फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यात तह झाला आणि समुद्राची वाट खुली झाली. पडद्यावर भुताखेतांच्या सावल्या नाचवणारा फिलिप्सथाल नावाचा खेळकरी लंडनच्या लायसियम नाट्यगृहात खेळ करत होता. मारीने त्याच्याशी भागीदारी केली. चार वर्षांच्या जोसेफला आणि तीसेक पुतळ्यांना घेऊन ती निघाली. दोन वर्षांचा धाकटा मुलगा, नवरा आणि म्हातारी आई पॅरिसला राहिली. ती काही महिन्यांसाठी जात होती. परत फ्रान्सला ती कधीच गेली नाही.

करार तिच्या गळ्याशी आला. कमाईतला अर्धा वाटा भागीदार घेई. भाषा येत नव्हती आणि थोड्याच काळात पुन्हा युद्ध पेटल्याने परतीची वाट बंद झाली. ती स्कॉटलंडमध्ये गेली, पैसे साठवले आणि आयर्लंडमध्ये असताना १८०४ मध्ये त्या भागीदारीतून मोकळी झाली. इकडे पॅरिसमधले प्रदर्शन नवऱ्याच्या हातून कर्जापायी गेले. आता तिच्याकडे होते ते फक्त सोबत आणलेले पुतळे आणि साचे. खरी ठेव म्हणजे साचे. मेण वितळले, फुटले तरी साचा असेल तर चेहरा पुन्हा ओतता येतो.

३३ वर्षे फिरतीचे प्रदर्शन

१८०२ ते १८३५ अशी तेहतीस वर्षे मादाम तुसाँ इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंडच्या गावोगाव फिरली. आपल्याकडच्या तमाशा फडासारखाच हा संसार. सामान गाड्यांवर चढवायचे, नवे गाव गाठायचे, सभागृह भाड्याने घ्यायचे, जाहिरात छापायची, आठवडे-महिने खेळ लावायचा आणि गर्दी ओसरली की निघायचे. प्रत्येक प्रवासात पुतळ्यांची बोटे तुटत, नाके चेपत, केस विस्कटत. रात्री बसून ती सारे दुरुस्त करी.

लंडनमध्ये मेणाच्या आकृत्यांची प्रदर्शने तिच्या आधीही होती. फ्लीट स्ट्रीटवरचे मिसेस सामन यांचे प्रदर्शन तर कितीतरी जुने. पण ती जत्रेतली गंमत समजली जात. तुसाँबाईंनी तिला प्रतिष्ठा दिली. स्वच्छ सभागृह, दिव्यांचा झगमगाट, वाद्यवृंद आणि हातात छापील माहितीपत्रक. एक शिलिंग भरून मध्यमवर्गीय कुटुंबाने मुलाबाळांसह यावे, राजाभोवती फिरावे, त्याच्या अंगरख्याचे कापड निरखावे आणि थोडा इतिहास शिकून जावे. रक्ताळलेल्या गोष्टींची खोली वेगळी, आणि तिचे तिकीटही वेगळे.

१८३१ मध्ये ब्रिस्टल शहरात मोठी दंगल उसळली, तेव्हा प्रदर्शन तिथेच होते. शेजारच्या इमारती पेटल्या. पुतळे उचलून बाहेर काढावे लागले. सत्तरीला टेकलेल्या बाईपुढे पुन्हा एकदा जमाव आणि आग होती. पुतळे वाचले.

दरम्यान, मागे राहिलेला धाकटा मुलगा मोठा होऊन १८२० च्या दशकात आईकडे इंग्लंडला आला. दोघे मुलगे धंद्यात उतरले. नवऱ्याची आणि तिची भेट मात्र पुन्हा झाली नाही.

बेकर स्ट्रीटवर मुक्काम

१८३५ मध्ये, ७३ व्या वर्षी, तिने लंडनच्या बेकर स्ट्रीटवर कायमची जागा घेतली. काळा झगा, डोक्याला टोपी अशा वेशात ती स्वतः दाराशी बसून तिकिटाचे पैसे घेई. चार्ल्स डिकन्सने आपल्या एका कादंबरीत मेणाच्या पुतळ्यांचा खेळ घेऊन फिरणारी मिसेस जार्ली रंगवली, ती तिच्यावरूनच बेतली असे मानले जाते. गुन्हेगारांच्या खोलीला ‘चेंबर ऑफ हॉरर्स’ हे नाव पडले तेही याच काळात.

१८४२ मध्ये तिने स्वतःचा पुतळा घडवला. वय ऐंशीच्या वर. त्यात कोणताही थाट नाही. लहानखुरी, चष्मा लावलेली म्हातारी. १६ एप्रिल १८५० ला, ८८ व्या वर्षी, ती लंडनमध्ये वारली.

तिच्या नातवांनी १८८४ मध्ये प्रदर्शन जवळच्या मॅरिलबोन रोडवर हलवले. ते आजही तिथेच आहे. १९२५ च्या आगीत बहुतेक पुतळे जळाले, पण बरेच साचे वाचले आणि त्यांतून चेहरे पुन्हा ओतले गेले. १९४० मध्ये जर्मन बॉम्ब पडला तेव्हा मात्र शेकडो साचेही नष्ट झाले. त्यामुळे आज दिसणाऱ्या जुन्या चेहऱ्यांपैकी मारीच्या हातचे किती आणि पुढे नव्याने ओतलेले किती, हे प्रत्येक वेळी तपासूनच बोलावे लागते.

मराठी माणसे तिथे कधी पोहोचली?

अमिताभ बच्चन यांचा पुतळा २००० मध्ये लंडनच्या संग्रहालयात आला. सचिन तेंडुलकर यांचा २००९ मध्ये आणि माधुरी दीक्षित यांचा २०१२ मध्ये. २०१७ मध्ये दिल्लीत कॅनॉट प्लेसला या संग्रहालयाची शाखा उघडली, तेव्हा तिथल्या पुतळ्यांत आशा भोसले होत्या. टाळेबंदीत ती शाखा बंद पडली आणि २०२२ मध्ये नोएडात पुन्हा सुरू झाली. महाराष्ट्रात लोणावळ्यालाही मेणाच्या पुतळ्यांचे वेगळे संग्रहालय आहे. मुंबई-पुण्याहून सहलीला जाणारे तिथे हमखास थांबतात.

मग योग्य शब्द कोणता?

मूर्ती म्हणावे तर तिच्यात प्राणप्रतिष्ठा नाही आणि पूजाही नाही. मूर्तीपुढे माणूस हात जोडतो, मेणाच्या आकृतीच्या खांद्यावर हात टाकतो. प्रतिमा हा शब्द तंत्राच्या दृष्टीने चपखल आहे, कारण सारा खेळ मापांचा. पण बोलताना तो जड वाटतो, शिवाय आता त्याचा अर्थ माणसाची लोकांतली छबी असाही झाला आहे. बाहुली म्हणावे तर तिचा चेहरा कुणा एकाचा नसतो.

राहतो तो पुतळा. या शब्दात तिन्ही गोष्टी आहेत : जो समोर नाही त्याच्या जागी उभे राहणे, हार स्वीकारणे आणि वेळ आली तर आगीत जाणे. त्याला ‘मेणाचा’ हे विशेषण लागले की चौथीही येते. दगड किंवा ब्राँझचा पुतळा कायमचा समजून उभारला जातो. मेणाचा पुतळा लोक पाहायला येतात तोवरच असतो. प्रसिद्धी ओसरली की तो दालनातून हलतो, डोके कोठारात जाते किंवा मेण वितळवून दुसऱ्या कुणाच्या तरी चेहऱ्यासाठी वापरले जाते. म्हणून अशा संग्रहालयात गेल्यावर कोण आहे यासोबत, मागच्या वेळी इथे कोण होते आणि आता दिसत नाही, हेही पाहण्यासारखे असते.